यंत्रमानवांविरुद्ध सासू-सून

आमच्या दहिसरच्या चाळीचा गणपती माघातला. भाद्रपदात अर्धी चाळ कोकणात गावी पळायची, आणि उरलेल्यांच्या जिवावर मांडव घालायचा तर आरतीला टाळ कुटायलाही माणूस मिळायचा नाही. म्हणून कुणीतरी शहाणपणा करून माघी गणपतीची पद्धत पाडली. सगळे हजर, ऊन बेताचं, आणि मंडपवाल्याला दुसरं काम नसल्यामुळे तोही नखरे न करता यायचा. मी मार्गशीर्षात लग्न होऊन या चाळीत आले आणि दोन महिन्यांत हा उत्सव माझ्या अंगावर आला.

ऐंशीच्या दशकातली ती वर्षं म्हणजे एकविसाव्या शतकाची साथ होती. रेडिओवर तेच, पेपरात तेच, बारशाच्या जेवणातसुद्धा कुणीतरी एकविसाव्या शतकात निघालेला असायचा. आमच्या चाळीत नळाला पाणी पहाटे यायचं आणि संडासासाठी बादली घेऊन मजल्याच्या टोकाला जावं लागायचं, पण मंडळाच्या सेक्रेटरींनी जाहीर केलं की यंदाची सजावट ‘भविष्यातलं शहर’. थर्माकोलच्या उंच उंच इमारती, त्यांत लाल-निळे दिवे, आणि मधोमध बाप्पा. हे सेक्रेटरी बँकेत होते. दिवसा ते शर्टाला ‘कॉम्प्युटर नको’ असा बिल्ला लावून घोषणा द्यायचे, आणि संध्याकाळी तोच शर्ट घालून शिडीवर चढून भविष्याला खिळे ठोकायचे. यात काही विसंगती आहे असं कुणी त्यांना सांगितलं नाही. सांगून उपयोगही नव्हता.

मला त्या सजावटीत काडीचा रस नव्हता. माझ्या डोक्यात एकच गोष्ट होती, माझी नोकरी. मरोळच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात मी रेडिओच्या आतल्या सर्किटच्या पाट्या जोडायची. डाव्या हातात चिमटा, त्याने मुंगीएवढा भाग पकडायचा. उजव्या हातात तापलेली डाखणी, तिने कथिल वितळवून तो जागच्या जागी चिकटवायचा. एक हात धरतो तेव्हा दुसरा पुढच्या जागेवर जाऊन पोचलेला असतो. मला ते काम आवडायचं. घाटकोपरला माहेरी असताना लागलेली नोकरी, माझ्या एकटीच्या बळावर मिळवलेली. लग्नानंतर गोरेगावला उतरून आरे कॉलनीतून जाणारी बस पकडायची, खिडकीतून म्हशींचे गोठे आणि झाडी बघत मरोळला पोचायचं. चोवीस तासांत तेवढाच वेळ मला कुणी काही काम सांगत नसे.

तर सासूबाईंनी ठरवलं होतं की गणपती झाले की सुनेने राजीनामा द्यायचा. त्यांची बाजूही सांगते, नाहीतर तुम्ही त्यांना खाष्ट समजाल. खाष्ट त्या होत्याच, पण त्याला कारण होतं. सासरे गिरणीत होते. गिरणी बंद पडल्यावर गावी गेले ते तिकडेच रमले. सासूबाईंनी इथे एका खोलीत खाणावळ चालवली, मुलाला शिकवलं, नोकरीला लावलं. इतकी वर्षं त्या एकच वाक्य म्हणत आल्या होत्या, “सून इली की मी बसतलंय.” सून आली. आणि सून सकाळी डबा घेऊन मरोळला चालली. त्यांना बसायला मिळेना. त्यांच्या जागी मी असते तर मीही चिडले असते.

आणि आमचे नवरोजी? त्यांना मी लग्नाआधी विचारलं होतं, नोकरी चालेल ना? ते म्हणाले होते, “बघू.” मला वाटलं, हो म्हणाले. लग्नानंतर आईने राजीनाम्याचा विषय काढला तेव्हाही ते म्हणाले, “बघू.” आईला वाटलं, हो म्हणाला. एका शब्दात दोन बायकांना खूश ठेवायची ही कला त्यांना कुठे मिळाली कोण जाणे. मला त्यांचा इतका राग यायचा की पोळी लाटताना लाटणं पोळपाटावर आपटायचं.

आता त्या मशीनकडे येते. बोरिवलीला स्टेशनबाहेर एकाचं व्हिडिओ गेमचं पार्लर होतं. त्याने वर्गणी द्यायच्या ऐवजी उत्सवापुरतं एक मशीन मंडळाला वापरायला दिलं. सेक्रेटरींना आकाश ठेंगणं झालं. भविष्यातल्या शहराच्या कोपऱ्यात ते कपाटाएवढं धूड उभं राहिलं. पडद्यावर काळोखं शहर, गुलाबी-हिरव्या दिव्यांच्या रेघा, मधोमध करंगळीच्या पेराएवढा एक माणूस, आणि चारी बाजूंनी त्याच्यावर धावून येणारे यंत्रमानव. ते दिसायचे पाय फुटलेल्या बिस्किटांच्या डब्यांसारखे, पण काय त्यांचा वेग. श्वास घ्यायला सवड नाही. खाली दोन हँडल होती. डाव्या हँडलने माणूस पळवायचा, उजव्या हँडलने गोळी झाडायची. जिकडे हँडल वळवाल तिकडे गोळी. पळायचं एकीकडे आणि मारायचं भलतीकडे, त्यातच सगळी मजा.

चाळीतल्या पोरांनी पार्लरमध्ये हे बघितलेलं होतं. ती म्हणाली, काका, हा एकट्याने खेळायचा गेम आहे, दोन हातांत दोन हँडल.

सेक्रेटरींनी चष्मा कपाळावर चढवला. “ते तुमच्या पार्लरमध्ये. हा सार्वजनिक उत्सव आहे. दोन हँडल म्हणजे दोन माणसं. इथे एकट्याचं काही नसतं.”

झालं. कमिटी बसली. आमच्या मंडळाच्या सगळ्या स्पर्धा जोडीच्याच असायच्या, पती-पत्नी उखाणे, सासू-सून रांगोळी, पिता-पुत्र संगीत खुर्ची. त्याच साच्यात यंत्रमानवांना बसवलं. पती-पत्नी स्पर्धा शनिवारी दुपारी, सासू-सून रविवारी दुपारी. पहिलं बक्षीस शिट्टीवाला मिल्क कुकर. नियमही झाले. माणूस तीनदा मेला की डाव संपला, आणि ज्यांचे गुण जास्त ते पहिले. मशीन चालू असताना कुणी मिक्सर किंवा इस्त्री लावायची नाही, कारण व्होल्टेज पडलं की यंत्रमानव जागच्या जागी अंतर्धान पावायचे. आणि मशीनचा आवाज बंद करायचं बटण कुणाला सापडलं नाही म्हणून आरतीच्या वेळी त्याच्यावर गोधडी टाकायची. सुखकर्त्याच्या चालीत गोधडीखालून टॅव टॅव टॅव चालूच असायचं.

पती-पत्नी स्पर्धेत कुठलं हँडल कुणाकडे, यावर कमिटीने बराच काथ्याकूट केला. शेवटी ठरलं, गोळी झाडणं नवऱ्याकडे, कारण ते मर्दाचं काम. माणूस पळवणं बायकोकडे, कारण सांभाळून नेणं बायकांना जमतं. मी कपाळाला हात लावला, पण मनातल्या मनात.

शनिवारी दुपारी मांडवात जे झालं ते एरवी चाळीच्या भिंतींआड व्हायचं. नवरे वरच्या बाजूला गोळ्या घालतायत आणि बायका खालच्या यंत्रमानवांपासून पळतायत. “मी मारतोय तिकडे चल ना.” “तुम्ही मी जाते तिकडे मारा ना.” एका जोडप्याचं तर बोलता बोलता तिच्या माहेरच्या दिवाळसणापर्यंत जाऊन पोचलं, आणि पडद्यावरचा माणूस केव्हाच मेलेला. सेक्रेटरींच्या बायकोने तर कमाल केली. ती बाई जन्मात कधी उलटून बोलली नसेल. नवरा ओरडतोय, “डावीकडे, अगं डावीकडे,” आणि तिने शांतपणे पडद्यावरचा माणूस उजवीकडे, थेट यंत्रमानवांच्या घोळक्यात नेऊन सोडला. तीनही वेळा. मग पदर सारखा केला आणि देवळातून आल्यासारख्या समाधानी चेहऱ्याने खाली बसली.

आमचा नंबर आला. मी जीव तोडून त्या माणसाला पळवत होते. नवरोजी उजवं हँडल धरून उभे.

“मारा ना,” मी म्हटलं.

“थांब. जवळ येऊ दे.”

“आले की जवळ.”

“बघू जरा.”

गोळ्यांना मोजदाद नव्हती हो. हव्या तेवढ्या झाडायच्या. एकही न झाडता आमचा माणूस तिन्ही वेळा मेला. नवरोजींनी हँडल सोडलं आणि रुमालाने हात पुसले, खूप काही केल्यासारखे. मला तिथेच रडू आलं. खेळात हरले म्हणून नाही. मला कळून चुकलं की राजीनाम्याच्या बाबतीत हा माणूस असाच उभा राहणार, आणि माझी नोकरी जाईपर्यंत म्हणणार, जवळ येऊ दे.

सासूबाई पुढच्या रांगेत बसून हे बघत होत्या. घरी आल्यावर त्या मुलाला एवढंच म्हणाल्या, “मेल्या, हातात दिलेला तरी वापरूचा मा.” आणि तांदूळ निवडायला बसल्या.

रविवारी सासू-सून. मी जाणार नव्हते. उद्या सोमवारी विसर्जन, परवा कारखान्यात जाऊन राजीनामा सांगून यायचा, असं घरात ठरल्यासारखंच होतं. कुणी ठरवलं नव्हतं, पण कुणी नाहीही म्हटलं नव्हतं. अशा वेळी मिल्क कुकरसाठी कोण नाचणार? पण सासूबाईंनी नाव दिलं होतं. त्यांना तो कुकर हवा होता. दुपारी नवी साडी नेसून त्या दारात उभ्या राहिल्या. “चल गो. फिरवचा ता मी बघतंय. तू नुसता मार.”

आधीच्या जोड्यांनी मशीनपुढे घरचंच नाटक केलं. सासवा आज्ञा सोडत होत्या, सुना “हो आई” म्हणत मरत होत्या. मग आम्ही. आणि काय सांगू, सासूबाई त्या हँडलवर अशा काही सुटल्या की मांडव उठून उभा राहिला. ज्या बाईने इतकी वर्षं दहिसरच्या बाजारात कोपराने वाट काढत पापलेटापर्यंत मजल मारली, तिला बिस्किटांच्या डब्यांची काय भीती? सरळ घोळक्यात घुसायच्या, फट शोधायच्या, पलीकडून बाहेर. आणि मी मारत होते. माझ्या हाताला ते कामावरचं वळण होतंच, नजर पुढच्या जागेवर आणि हात तिच्या पाठोपाठ. “मार गो, मागसून इलो, मार.” मी मारला. “आता वरचो.” तोही मारला. लग्न झाल्यापासून आम्ही दोघी एका बाजूने कधी बोललो नव्हतो. त्या दुपारी पहिल्यांदा मला वाटलं, ही बाई माझ्याकडची आहे. मला मनापासून हसू येत होतं.

पहिल्या नंबरच्या जोडीला गाठायला थोडंसंच उरलं होतं आणि सासूबाईंचा पदर खांद्यावरून सुटला. त्यांनी तो सावरायला हँडल सोडलं. आमचा माणूस मधोमध उघडा उभा, चारी बाजूंनी यंत्रमानव. माझा डावा हात आपोआप त्या हँडलवर गेला.

आणि मग मी एकटी खेळायला लागले. डावा पळवतोय, उजवा मारतोय, कुणी कुणाला विचारत नाही. मांडवातला गलका मला ऐकू येईनासा झाला. मरोळला पाट्या जोडताना लागायची तशी तंद्री लागली. हे मला येतं, एवढंच डोक्यात. यंत्रमानव फुटत होते, पडदा उजळत होता, चाळीतली पोरं बाकावर चढून नाचत होती. मध्येच माझ्या डाव्या हातावर दुसरा एक हात आला. बांगड्यांचा, ओळखीचा. पदर सावरून सासूबाई आपलं हँडल परत घ्यायला आल्या होत्या.

मी सोडलं नाही. त्यांनी जरा दाबलं. मी तरी सोडलं नाही. मग तो हात निघून गेला.

माणूस शेवटचा मेला तेव्हा आम्ही पहिल्या नंबरच्या जोडीच्या कितीतरी पुढे होतो. टाळ्या पडल्या. मग सेक्रेटरी माइकवर आले. घसा खाकरून म्हणाले की खेदाची बाब आहे, पण स्पर्धा जोडीची आहे. एका स्पर्धकाने दोन्ही हँडल वापरल्यामुळे, “म्हणजे सूनबाईंनी सासूबाईंच्या हातातलं हँडल हिसकावून घेतल्यामुळे,” ही जोडी बाद.

तो खेळ ज्या पद्धतीने खेळायचा असतो त्या पद्धतीने त्या मांडवात फक्त मी खेळले होते, आणि त्यासाठीच मला बाद केलं. एरवी मी सेक्रेटरींना धुवून काढलं असतं. पण ‘हिसकावून’ हा एकच शब्द मागच्या रांगेपर्यंत गेला, तिथून गॅलरीत गेला, गॅलरीतून दुसऱ्या मजल्यावर. नवी सून, नोकरी करणारी, सासूच्या हातातून हिसकावून घेते. बायका एकमेकींच्या कानाला लागल्या. आता राजीनामा काय, मला माहेरची वाट दाखवली तरी चाळ म्हणेल बरं केलं. मी नवऱ्याकडे बघितलं. ते मांडवाच्या खांबाला टेकून थर्माकोलची इमारत न्याहाळत होते.

सासूबाई उठल्या. सेक्रेटरींच्या हातातून त्यांनी माइक घेतला. ते खरं हिसकावून घेणं होतं. माइकवर त्या आयुष्यात पहिल्यांदाच बोलत होत्या, त्यामुळे आधी नुसता फुर्र आवाज आला.

“तिना हिसकावन नाय घेतल्यान. मी दिलंय.”

सेक्रेटरी म्हणाले, “अहो, पण आम्ही सगळ्यांनी पाहिलं...”

“तुमी काय बघितलास? हँडल माझा. मी सुनेक दिलंय. मी माझा कोणाकय देयन, तुमी कोण इचारणारे?”

“नियमात देणं बसत नाही, काकी.”

“मगे तुमचो कुकर तुमका लखलाभ.” त्यांनी माइक परत दिला आणि माझ्या दंडाला धरून मला मांडवाबाहेर काढलं. त्या घट्ट धरण्यात माया होती की राग, मला अजिबात कळलं नाही. मिल्क कुकर सेक्रेटरींच्या घरी गेला, कारण आमच्याआधीची पहिल्या नंबरची जोडी म्हणजे त्यांचीच बायको आणि आई.

सोमवारी विसर्जन झालं, दहिसर नदीवर गुलाल उधळला गेला, मशीनवाला येऊन आपलं धूड हातगाडीवर घालून घेऊन गेला, आणि भविष्यातलं शहर पोत्यांत भरून माळ्यावर गेलं. मी दिवसभर वाट बघत होते की आता सासूबाई विषय काढतील. त्यांनी काढला नाही.

मंगळवारी सकाळी मी उठले तर स्टोव्ह आधीच पेटलेला. एरवी डब्याचं मी करायची, त्या बसून चुका काढायच्या. त्या दिवशी भाकरी थापून झाल्या होत्या, सुकट परतलेली होती, आणि माझा डबा भरून, फडक्यात बांधून दाराजवळच्या स्टुलावर ठेवलेला होता.

नवरोजी दाढीचा साबण लावून आरशापुढे उभे होते. अर्ध्या फेसातून त्यांनी विचारलं, “आई, मग हिच्या राजीनाम्याचं काय करायचं?”

“तू बघ,” सासूबाई म्हणाल्या. “बघीतच रव.”

मी डबा उचलला. गरम होता. “आई, येते,” मी म्हटलं. चप्पल घातली, उंबरा ओलांडला, तेव्हा त्यांनी मागून हाक मारली. त्या काथवटीपुढे तशाच बसलेल्या होत्या, हात पिठाचे, माझ्याकडे न बघता.

“आणि ऐक गो. रविवारी मी परत हात घातलेलंय, तेवा सोडूक होया होता. पुढच्या खेपेक सोड. मी आसंय.”